ट्रबलशूटिंगच्या परीक्षेला नक्की काय वाचायचं? (एनार्सी, लॅब आणि माझा गोंधळ)

रात्रपाळी_एल१
राम राम मंडळी. ऐरोलीला एका नॉकमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवायचं केंद्र) एल१ला, म्हणजे पहिल्या फळीत आहे, तीन वर्षं झाली, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. सिस्कोची एन्कोर (सीसीएनपीचा मुख्य पेपर) दुसऱ्या फटक्यात निघाली, आता एनार्सी (३००-४१०, राउटिंग आणि ट्रबलशूटिंगचा पेपर) द्यायचीय, की सीसीएनपी एंटरप्राइझ हे सर्टिफिकेट पूर्ण. तीन महिने हातात आहेत. प्रॉब्लेम असा की अभ्यासाचं साहित्य जमवता जमवता अभ्यासच राहिलाय. सिस्को प्रेसचं ऑफिशियल गाइड घेतलंय, दोन व्हिडिओ कोर्स घेतलेत (एक ११ टक्के पूर्ण, दुसरा ४), एका प्रॅक्टिस टेस्टचं सबस्क्रिप्शन आहे आणि मित्राने पाठवलेल्या सोळा पीडीएफ आहेत ज्या मी फोन बदलला तरी उघडलेल्या नाहीत. कॉन्फिगरेशन मला जमतं हो, स्टेप्स बघून करतो. पण कोणी बिघडवून दिलं आणि शोध म्हटलं की मी आधी राउटर रीस्टार्ट करायचा विचार करतो. पाच हजार अजून खर्च करू शकतो. एकच गोष्ट घ्यायची तर कुठली घेऊ?

पिंगपांडू
पहिला! रिप्लाय टाइम १ मिलिसेकंद, टीटीएल २५५.
बाकी रीस्टार्ट हे ट्रबलशूटिंगच आहे, उगाच कमी लेखू नका.

शेजारच्या_काकू
राउटर म्हणजे तो घरातला दोन शिंगांचा डबा ना? आमचा रोज रात्री नऊला बंद पडतो, नेमका मालिकेच्या वेळी. त्याची पण परीक्षा असते का?

पिंगपांडू
काकू, त्याची परीक्षा नसते, आपली असते.

जुनंखोड
आमच्या वेळी (झालं, म्हातारा सुरू झाला म्हणाल) ट्रबलशूटिंगचा वेगळा पेपर होता. राउट, स्विच आणि टीशूट असे तीन पेपर दिले की सीसीएनपी. टीशूटचा शेवटचा नंबर ३००-१३५, २४ फेब्रुवारी २०२० ला तिन्ही पेपर बंद झाले आणि एन्कोर-एनार्सीची नवी पद्धत आली. त्या टीशूटची गंमत अशी होती की परीक्षेत येणारी टोपोलॉजी सिस्कोने आधीच जाहीर करून ठेवली होती! म्हणजे प्रश्नपत्रिकेचा नकाशा घरी बसून बघायचा. मी तो कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्केचपेनने काढून कपाटाच्या दाराला चिकटवला होता, बायको म्हणायची हे काय, बसचे रूट का? परीक्षेत एकेक तिकीट (तक्रार) यायचं, अमुक क्लायंटवरून तमुक सर्व्हर पिंग होत नाही, आणि प्रत्येकावर तीन प्रश्न: दोष कुठल्या डिव्हाइसवर, कुठल्या टेक्नॉलॉजीत, आणि इलाज काय.

नकाशा माहीत असूनसुद्धा लोक नापास व्हायचे बरं का. कारण नकाशा माहीत असणं वेगळं आणि पायाखालची वाट मोडलीय कुठे हे कळणं वेगळं. तर एल१ राव, तुमचा रोग पुस्तकाचा नाही. तुमच्याकडे आहे ते गाइड पुरेसं आहे, पाच हजार खिशात ठेवा.

बिनतारी
जुनंखोड यांच्याशी निम्मा सहमत. गाइड पुरेसं आहे हे खरं, पण ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत की झोप लागते, रात्रपाळीवाल्याला तर नक्की. आधी सिस्कोच्या साइटवरून एक्झाम टॉपिक्सचा कागद घ्या, फुकट आहे, आणि क्रियापदं बघा. लोक विषय वाचतात, क्रियापद वाचत नाहीत. एडी (कुठल्या रूटवर किती विश्वास, आकडा लहान तितका जास्त), रूट मॅप, रीडिस्ट्रिब्युशन (एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात टाकणं), समरायझेशन, आणि ईआयजीआरपी, ओएसपीएफ, बीजीपी हे राउटरांनी एकमेकांना रूट सांगायचे प्रोटोकॉल, सगळ्यांपुढे 'ट्रबलशूट' लिहिलंय. एमपीएलएसपुढे (लेबल लावून पॅकेट पाठवायची पद्धत) फक्त 'डिस्क्राइब'. म्हणजे एमपीएलएसच्या लेबलात महिनाभर गुंतून पडायची गरज नाही, आणि मी नेमका तिथेच पडलो होतो. वजनं पण तिथेच दिलीयत, लेयर थ्री (राउटिंग) ३५ टक्के, व्हीपीएन २०, सिक्युरिटी २०, सर्व्हिसेस २५. सर्व्हिसेस म्हणजे एसएनएमपी, सिसलॉग, आयपी एसएलए, नेटफ्लो, डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारा) वगैरे मंडळी. यांना सगळे सावत्र मुलासारखं वागवतात आणि तिथेच मार्क जातात.

झटपट_मंगेश
एवढं काय डोकं लावताय राव. डंप्स (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) घ्या, दोन आठवडे पाठ करा, द्या आणि विषय संपवा. कंपनीला कागद हवा असतो, बाकी काय.

ताईगिरी
झटपट, तुमच्यासारख्यांचे इंटरव्ह्यू मी घेते. मागच्या महिन्यात एकजण आला, सीव्हीवर तीन बॅज. मी एकच विचारलं, ओएसपीएफ नेबर (शेजारचा राउटर) एक्सस्टार्टला, म्हणजे ओळख होतानाच्या मधल्या पायरीला अडकलाय, पहिलं काय बघशील? तो म्हणाला केबल. मी म्हटलं केबल नसती तर तो एक्सस्टार्टपर्यंत आला असता का रे बाबा? मग शांतता. एमटीयूचं (पॅकेटच्या कमाल आकाराचं) नाव शेवटपर्यंत नाही निघालं तोंडातून. चहा पाजून पाठवला.
आणि पकडलं तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करते, पुढच्या परीक्षांना बंदी घालते, ते वेगळंच. ४०० डॉलरची एन्कोर आणि ३०० ची एनार्सी, वर जीएसटी. एवढे पैसे भरून इंटरव्ह्यूत गप्प बसायचं?

झटपट_मंगेश
हघ्या (हलकं घ्या) ताई, मी माझं कुठे म्हणालो, मित्राने केलं होतं.

पिंगपांडू
मित्र नेहमीच करतो.

आयटीची_सून
मी एनार्सीवाली नाही, कॉम्पटियाची नेटवर्क+ केलीय, म्हणून बिचकत लिहितेय. पण ट्रबलशूटिंगची 'पद्धत' हा प्रकार मला तिथेच कळला. नव्या एन१०-००९ मध्ये ट्रबलशूटिंगला २४ टक्के वजन आहे, सगळ्या भागांत जास्त. सात पायऱ्या असतात, प्रॉब्लेम नीट समजून घ्या, काय असेल याचा अंदाज बांधा, अंदाज तपासा, काय करणार ते ठरवा, करा, सगळं चालतंय का बघा, आणि लिहून ठेवा. पाठ करताना मला वाटलं होतं हे काय बालवाडीचं, मग एक प्रसंग घडला.

एका पतसंस्थेचं काम बघते. एका शाखेतून रोज दुपारी दोननंतर फोन, सॉफ्टवेअर उघडत नाही. सगळ्यांचं नाही, तिघाचौघांचं, आणि रोज वेगळ्या तिघाचौघांचं! सकाळी सगळं ठणठणीत. आमच्या साहेबांनी स्विच बदलला, लाइनवाल्याशी भांडण केलं, अँटिव्हायरसला शिव्या घातल्या. मी जाऊन बसले आणि पहिली पायरी केली, म्हणजे नुसतं विचारत सुटले. तेव्हा कॅशियरबाई सहज म्हणाल्या, 'जेवायला जाताना जो मशीन बंद करून जातो ना, त्याचंच होतं.' झालं! बंद पडलेल्या मशीनवर बघितलं तर आयपी १९२.१६८.०.१४, आणि आमची रेंज १०. ने सुरू होणारी. नवीन लागलेला एक मुलगा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलला वायफाय हवं म्हणून घरचा जुना राउटर आणून टेबलाखाली लावायचा, केबल लॅन पोर्टात. तो डबा डीएचसीपी वाटत बसायचा. आमचा खरा सर्व्हर हेड ऑफिसात, त्याचं उत्तर यायच्या आत हा शेजारचा उत्तर देऊन मोकळा. सुट्टीनंतर जो मशीन चालू करेल त्याला चुकीचा पत्ता.

पुस्तकात याला 'रोग' (rogue, म्हणजे आगंतुक) डीएचसीपी म्हणतात, दोन ओळी असतात, त्यावर डीएचसीपी स्नूपिंग (असली आगंतुक उत्तरं स्विचनेच अडवणं) हा उपाय अर्ध्या पानात. पण मला ती कॅशियरबाई आठवते. (आणि सातवी पायरी मी खरंच केली, टेबलाखालच्या पोर्टवर चिठ्ठी चिकटवून आले.)

बिनतारी
_/\_ सूनबाई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

लॅमिंग्टनकर
सगळे पुस्तकाबद्दल बोलताय, लोखंडाबद्दल कोणी बोलत नाही. माझं स्पष्ट मत, खऱ्या डब्यावर हात काळे केल्याशिवाय ट्रबलशूटिंग येत नाही. मी लॅमिंग्टन रोडवरून जुने २८११ तीन आणि दोन २९६० स्विच आणले होते, लोकलच्या लगेज डब्यातून. कन्सोल केबल वेगळी शोधायला लागली. सगळं एकदम चालू केलं की आई आतून विचारायची मिक्सर कोण फिरवतंय.

जुनंखोड
आणि वीजबिल कोणी भरलं?

लॅमिंग्टनकर
बाबांनी. त्यानंतर लॅब फक्त रविवारी.

सदाशिव_पेठी
आमच्याकडे तपकीर गल्लीत मिळतात, पण घेऊ नका. २८११ वर एनार्सीचं बरंचसं होईल, पण दोन राउटरच्या आवाजात विचार करता येत नाही आणि पुण्यात दुपारी एक ते चार आवाज करणं सामाजिक गुन्हा आहे. व्हर्च्युअल लॅब करा, म्हणजे लॅपटॉपवरच सॉफ्टवेअरने राउटर चालवा. पॅकेट ट्रेसर नेटअकॅडवर फुकट मिळतो, सीसीएनए आणि नेटवर्क+ ला उत्तम, एनार्सीला अपुरा. डीएमव्हीपीएन (मुख्य ऑफिस आणि शाखा टनेलने जोडणारं व्हीपीएन) नाही, व्हीआरएफ (एकाच राउटरात वेगवेगळे रूट टेबल) नाही, बीजीपी नावापुरतं. जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी घ्या.

ताईगिरी
ईव्ह-एनजी फुकट आहे, पण त्यात घालायच्या सिस्को इमेजेस (राउटरचं सॉफ्टवेअर) फुकट नाहीत, हे कोणी सांगतच नाही. सगळे 'मित्राकडून' आणतात.

पिंगपांडू
मित्र परत आला.

सदाशिव_पेठी
अहो ताई, शिकायलाच वापरतात ना, विकायला नाही.

ताईगिरी
आपण नेटवर्कवाले लोक, दुसऱ्याच्या ऑफिसात विनापरवाना सॉफ्टवेअर दिसलं की रिपोर्ट लिहितो. घरी मात्र चालतं? असो. सरळ रस्ता आहे म्हणून सांगते: सिस्को मॉडेलिंग लॅब्जची आता फुकट आवृत्ती आहे, इमेजेस सकट, कायदेशीर. अट एवढीच की एका वेळी पाच नोड (राउटर, स्विच वगैरे).

सदाशिव_पेठी
पाच नोडमध्ये काय होणार? पाच नोडमध्ये आमच्या वाड्याचं नेटवर्क होत नाही.

बिनतारी
होतं की. मोजा. डीएमव्हीपीएन: एक हब (मुख्य ऑफिस), दोन स्पोक (शाखा), मध्ये आयएसपी म्हणून एक राउटर, झाले चार. रीडिस्ट्रिब्युशनचा घोळ: दोन बॉर्डर राउटर, इकडे एक ईआयजीआरपीवाला, तिकडे एक ओएसपीएफवाला, परत चारच. एनार्सीतले बहुतेक घोटाळे चार-पाच राउटरांत मावतात. मोठी टोपोलॉजी काढली की आपण नकाशा सजवत बसतो, अभ्यास नाही करत.

आणि ते रीडिस्ट्रिब्युशन एकदा तरी स्वतः मोडून बघाच. ईआयजीआरपीत बाहेरून आलेला रूट, त्याचा एडी १७०. पहिल्या बॉर्डरने तो ओएसपीएफमध्ये टाकला. दुसऱ्या बॉर्डरकडे तोच रूट दोन्हीकडून आला, ईआयजीआरपीचा १७० आणि ओएसपीएफचा ११०. तो ११० वर विश्वास ठेवतो, म्हणजे घराशेजारच्या माणसाला पत्ता विचारायचा सोडून गावाला वळसा घालून येतो, वर तो रूट परत ईआयजीआरपीत ढकलतो. मग ट्रेसराउट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) टाका आणि तेच दोन पत्ते आलटून पालटून येताना बघत बसा. मी हे पुस्तकात चार वेळा वाचलं होतं, हो हो करत. स्वतः करून तो ट्रेसराउट फिरताना बघितला तेव्हा कुठे टॅग लावून अडवायचं का ते डोक्यात शिरलं.

रात्रपाळी_एल१
सगळ्यांचे आभार, वाचतोय. आता एक लाजिरवाणा प्रश्न, लॅपटॉप ८ जीबीचा आहे, जमेल का?

लॅमिंग्टनकर
म्हणून म्हणत होतो २८११ घ्या.

सदाशिव_पेठी
ओढूनताणून. आयओएसव्ही (सिस्कोचा व्हर्च्युअल राउटर) एकेक ५१२ एमबीत उभा राहतो पण विंडोज आणि क्रोम स्वतःच निम्मी रॅम खाऊन बसतात. पाच हजारांचं उत्तर मिळालं की तुम्हाला, त्याची रॅम घ्या. तिसरा कोर्स नको.

जुनंखोड
अनुमोदन. या धाग्यातलं पहिलं ठोस उत्तर, आणि ते पुणेकराने दिलं याची नोंद घ्यावी.

कोल्हापुरी_रांगडा
अवांतर: ह्या परीक्षा घरून द्यायच्या भानगडीत पडू नका. मी दिली होती, खोलीचे फोटो पाठवले, टेबल साफ केलं, दाराला आतून कडी लावली. बरोबर बाविसाव्या मिनिटाला आज्जीने खिडकीतून हाक मारली, 'बाळ्या, चटणी कुठं ठेवलीस?' मी मान पण नाही वळवली, तरी तिकडून मेसेज, खोलीत दुसरं कोण आहे? काय सांगू, खोलीत नाही, परड्यात आहे. परीक्षा वाचली पण पुढचे दोन प्रश्न मला काय विचारलंय ते कळलंच नाही, आणि सिस्कोत मागे जाता येत नाही. सेंटरवर जावा.

शेजारच्या_काकू
चटणी सापडली का?

कोल्हापुरी_रांगडा
फ्रिजवर होती.

धोंडोपंत_फायबर
मी फील्डवाला माणूस. बारा वर्षांत जेवढी नेटवर्कं पडलेली बघितली त्यातली अर्धी जेसीबीने पाडली. सर्टिफिकेटात जेसीबीचा चॅप्टर कुठला?

ताईगिरी
पंत, म्हणूनच तर लेयर वन (केबल, पोर्ट वगैरे) पहिला बघायचा. तुमच्या माणसाने 'लिंक अप आहे' सांगितलं आणि नुसत्या तेवढ्यावर मी दोन तास बीजीपी बघत बसलेय. इंटरफेसवर सीआरसी एरर (मोडून आलेला डेटा) ढिगाने वाढत होते, एका बाजूला फुल डुप्लेक्स आणि दुसऱ्या बाजूला हाफ.

धोंडोपंत_फायबर
माझा माणूस नव्हता तो.

मराठीत_का_नाही
एक वेगळा मुद्दा. हे सगळं साहित्य इंग्रजीत, आमच्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांनी काय करायचं? परीक्षेचा प्रश्न समजेपर्यंत वेळ जातो. ९० मिनिटं असतात फक्त.

आयटीची_सून
मी पण मराठी माध्यमवालीच. शब्द इंग्रजीच ठेवा, परीक्षेत तेच येणार, पण समजावून स्वतःला मराठीत सांगा. माझ्या वहीत ओएसपीएफच्या अवस्था अशा आहेत, हसू नका:
डाउन, शेजारी राहायला आलाय की नाही माहीत नाही. इनिट, त्याचा आवाज येतो पण तो माझं नाव घेत नाही. टू-वे, दोघं एकमेकांना नावाने ओळखतो. एक्सस्टार्ट, बोलायला आधी कोणी सुरुवात करायची यावर अडलंय. एक्सचेंज, कोणाकडे काय काय आहे त्याची यादी. लोडिंग, यादीतलं आपल्याकडे नसलेलं मागून घेणं. फुल, आता वाटीभर साखर मागायला हरकत नाही.

बिनतारी
जबरदस्त! त्यात एक भर घाला. टू-वेला अडकलेला शेजारी दिसला की नवशिके घाबरतात. इथरनेटवर ते बरेचदा बरोबरच असतं. सोसायटीत नमस्कार सगळ्यांशी असतो, हिशेब फक्त चेअरमन आणि सेक्रेटरीकडे द्यायचा, म्हणजे डीआर आणि बीडीआर. बाकीचे आपसात टू-वेवरच राहतात.

पिंगपांडू
आमच्या सोसायटीत चेअरमनशी पण इनिट चालू आहे.

मराठीत_का_नाही
वाखू (वाचनखूण) साठवली. सूनबाई, वहीचे फोटो टाका ना.

निवांत_नाशिककर
उशिरा आलो, पण धागाकर्त्याने विचारलेलं बाजूलाच राहिलं. तो म्हणतोय कॉन्फिगर करता येतं, शोधता येत नाही. त्याला रॅम मिळाली, लॅब झाली, तरी बिघाड घालणार कोण? स्वतःच घातलेला बिघाड स्वतःला माहीत असतो, तो शोधण्यात काय अर्थ.

मी काय केलं सांगतो. भिशीच्या चिठ्ठ्या असतात तशा चाळीस चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर कुठला राउटर आणि कुठल्या ओळी टाइप करायच्या एवढंच. एका बाजूचा हॅलो टायमर बदल, पॅसिव्ह इंटरफेस कर, एसीएलमध्ये (कोणाला जाऊ द्यायचं त्याची यादी) एक ओळ वर घाल, टनेलची की एक अक्षर चुकव, असलं. धाकटा भाऊ कॉमर्सचा, त्याला राउटर कशाशी खातात माहीत नाही. मी गच्चीवर जायचो, तो एक चिठ्ठी काढायचा, बघून टाइप करायचा आणि चिठ्ठी खिशात. मग मी खाली येऊन घड्याळ लावायचो. पहिल्या आठवड्यात एकेका चिठ्ठीला तास जायचा. शो रन (राउटरचं चालू कॉन्फिगरेशन दाखवणारी कमांड) बघायचं नाही हा नियम स्वतःला घातला होता, कारण शो रन म्हणजे उत्तरपत्रिका वाचणं. लक्षण बघायचं, अंदाज वहीत लिहायचा, मगच कमांड. महिन्याने दहा-बारा मिनिटांवर आलो. भाऊ एका चिठ्ठीला वडापाव घ्यायचा, चाळीस वडापावांत पास झालो.

जुनंखोड
हे घ्या उत्तर. धागा बंद करायला हरकत नाही.

झटपट_मंगेश
नाशिककर, त्या चाळीस चिठ्ठ्यांची पीडीएफ आहे का?

ताईगिरी
मंगेश!!!

निवांत_नाशिककर
:) नाही. चिठ्ठ्या लिहिण्यातच निम्मा अभ्यास झाला होता.

रात्रपाळी_एल१
तीन आठवड्यांनी परत आलो. रॅम टाकली. एक व्हिडिओ कोर्स बंद केला, दुसरा फक्त अडलं तर बघतो, पीडीएफ सोळाच्या सोळा उडवल्या. गाइड आता मागून पुढे वाचतोय, म्हणजे चिठ्ठीत जे अडलं तेवढाच चॅप्टर. चिठ्ठ्या सव्वीस झाल्यात. बिघाड घालायला बहीण आहे, बारावी आर्ट्स, वडापाववर नाही मानत, मोमो लागतात.

आजची चिठ्ठी सुटत नाहीये. डीएमव्हीपीएन, वर ईआयजीआरपी. टनेल अप, हबला दोन्ही स्पोक नेबर म्हणून दिसतात, दोघांचे रूट पण हबकडे आहेत. पण स्पोक एकला स्पोक दोनचा रूटच येत नाही, आणि उलट पण नाही. दोन्ही स्पोकना हबचा स्वतःचा रूट मात्र येतो. चाळीस मिनिटं झाली.

सदाशिव_पेठी
अहो सोप्पंय, हबच्या

ताईगिरी
सांगू नका कोणी!!!

निवांत_नाशिककर
एल१, अंदाज वहीत लिहिलात का? ज्या दारातून बातमी आत आली त्याच दारातून ती परत बाहेर सांगायची नाही, असा कोणाचा नियम असतो?

रात्रपाळी_एल१
थांबा.

रात्रपाळी_एल१
सापडलं! हबच्या टनेलवर स्प्लिट होरायझन परत चालू केलं होतं बयेने. दोन्ही स्पोक एकाच टनेलमधून येतात त्यामुळे हब एकाचं दुसऱ्याला सांगतच नव्हता. बंद केलं, रूट आले, पिंग गेला. ५२ मिनिटं. बहीण दारात उभी आहे, विचारतेय पुढची चिठ्ठी काढू की आधी मोमो.